वाचक विचारतात : एवढा सपाटून हरलेला गोल्डवॉटर अजून चर्चेत का?

गेल्या अंकात रिपब्लिकन पार्टीबद्दल उत्तर देताना मी सहज लिहून गेलो की बॅरी गोल्डवॉटर १९६४ ला राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत सपाटून हरला, पण पार्टी मात्र पुढे त्याच्याच रस्त्यानं गेली. बास, एवढंच. त्यावर ढीगभर मेल आले, काही रागावलेले, काही नुसतेच कुतूहलाचे, एकानं तर विचारलं की हे खरंच आडनाव आहे की पाण्याच्या बाटलीचा ब्रँड. म्हणून यावेळचा सगळा कॉलम याच माणसाला. सारखे प्रश्न एकत्र केलेत, लांबलचक पत्रं कापलीत, राग मानू नका.

प्रश्न : मुलाकडे फिनिक्सला गेलो होतो. तिथल्या विमानतळाच्या टर्मिनल ४ ला यांचं नाव आहे. सुनेला विचारलं तर म्हणाली, कोणीतरी जुने पुढारी असतील बाबा. नक्की कोण होते हे? (निवृत्त शिक्षक, सांगली)

सूनबाई काही चुकीचं बोलल्या नाहीत सर. अ‍ॅरिझोनाचा सिनेटर, एकूण ३० वर्षं, १९५३ ते ६५ आणि मग १९६९ ते ८७. मधली चार वर्षं घरी, कारण १९६४ ला राष्ट्राध्यक्षपदाला उभं राहायचं म्हणून सिनेटची सीट सोडली आणि तिकडेही आपटला, तेलही गेलं तूपही गेलं.

जन्म १९०९ चा, फिनिक्सचाच, तेव्हा अ‍ॅरिझोना हे राज्यसुद्धा झालं नव्हतं, ते झालं १९१२ ला. आजोबा पोलंडमधल्या कोनीन गावचे ज्यू, आडनाव गोल्डवासर, त्याचं इंग्रजी करून गोल्डवॉटर झालं. कॅलिफोर्नियात सोन्याच्या खाणींचा जोर होता तेव्हा तिकडे आले, पण खाणीत न उतरता खाणवाल्यांच्या गावात गुत्ता चालवला, आणि मग दुकानदारी करत करत अ‍ॅरिझोनात स्थिरावले. फिनिक्समधलं 'गोल्डवॉटर्स' हे मोठं डिपार्टमेंट स्टोअर याच घराण्याचं. वडील गेल्यावर बॅरीनं कॉलेज पहिल्याच वर्षी सोडलं आणि दुकानात येऊन बसला. धंद्यात डोकं भारी चालायचं त्याचं. पुरुषांच्या पांढऱ्या चड्ड्यांवर लाल मुंग्या छापून 'अँट्सी पँट्स' नावानं विकल्या आणि त्या तुफान चालल्या. पुढे ज्याच्या नावानं अमेरिका अणुयुद्धाला घाबरली त्याची पहिली प्रसिद्धी अशी मुंग्यांच्या चड्ड्यांची, मला हे फार आवडतं.

१९४९ ला फिनिक्सच्या नगर परिषदेत, तीन वर्षांनी थेट सिनेटवर. हरवलं कोणाला, तर अर्नेस्ट मॅकफार्लंडला, जो तेव्हा सिनेटमधल्या सत्ताधारी डेमोक्रॅट्सचा नेता होता. सात हजारांच्याही आतलं मताधिक्य. त्याच वेळी राष्ट्राध्यक्षपदाला उभ्या असलेल्या रिपब्लिकन आयझेनहॉवरची लाट होती, तिच्यावर तरला हे त्याला स्वतःलाही माहीत होतं.

प्रश्न : म्हणजे ज्यू होता का? (मुलुंड)

वडिलांकडून ज्यू, आईकडून ख्रिश्चन, वाढला ख्रिश्चन चर्चमध्येच. मोठ्या पार्टीनं राष्ट्राध्यक्षपदाला उभा केलेला ज्यू वंशाचा पहिला उमेदवार हाच. एक विनोद त्याच्या नावावर सांगतात, खरा-खोटा देव जाणे : ज्यूंना प्रवेश नसलेल्या एका गोल्फ क्लबनं त्याला अडवलं, तर हा म्हणाला की मी अर्धाच ज्यू आहे, १८ पैकी ९ होल खेळू द्या.

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात तो भारतात होता असं कुठंतरी वाचलं. खरं आहे का? (दिब्रुगडमध्ये नोकरी केलेला मराठी माणूस, सध्या नाशिक)

खरं आहे. पायलट होता, वय जास्त आणि डोळे अधू म्हणून लढाऊ विमानावर घेतलं नाही, मग माल वाहून नेणाऱ्या तुकडीत गेला. अमेरिका ते भारत अशा फेऱ्या, कधी अझोर्स बेटं आणि उत्तर आफ्रिकेवरून तर कधी दक्षिण अमेरिका, नायजेरिया असा सगळा वळसा घालून. आणि तुम्ही दिब्रुगडला होतात म्हणजे 'हम्प' तुम्हाला सांगायला नको, आसामातून उडून हिमालयाच्या पूर्व टोकावरून चीनला रसद पोचवायची तो हवाई मार्ग, ज्याच्यावर शेकडो विमानं पडली. तिथंही त्यानं उड्डाणं केली. युद्धानंतरही हवाई दलाच्या राखीव फौजेत राहिला आणि मेजर जनरल म्हणून निवृत्त झाला.

प्रश्न : सर, तो रेसिस्ट होता की नव्हता? हो की नाही एवढंच सांगा, गोल गोल नको. (एमए राज्यशास्त्र, छत्रपती संभाजीनगर)

बाळा, हो-नाही मध्ये उत्तर दिलं तर तुझ्या पेपरात दोनच मार्क मिळतील. आधी त्याच्या बाजूचं सगळं मांडतो. अ‍ॅरिझोनाचं एअर नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याचं राखीव हवाई दल, त्यानं उभं केलं तेव्हा गोरे-काळे वेगळे ठेवले नाहीत, आणि राष्ट्राध्यक्ष ट्रुमननं सैन्यातला भेद बंद करायचा हुकूम काढला तो त्याच्या नंतर, १९४८ ला. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारी जी सगळ्यात मोठी संघटना, एनएएसीपी, तिच्या फिनिक्स शाखेचा सभासद होता, शाळांमधला भेद मोडायच्या कोर्टकेसला खिशातून पैसे दिले. १९५७ आणि १९६० च्या नागरी हक्क कायद्यांच्या बाजूनं मत दिलं.

आणि मग १९ जून १९६४. सिनेटमध्ये मोठा नागरी हक्क कायदा मतदानाला आला, ७३ विरुद्ध २७ नं पास झाला. रिपब्लिकन ३३ होते, त्यातल्या २७ जणांनी हो म्हटलं, सहा जणांनी नाही, आणि त्या सहात हा. त्याचं म्हणणं असं, की सरकारी शाळा, मतदान यात भेद नको हे मान्य, पण खाजगी हॉटेल, थिएटर, खानावळ, खाजगी नोकरी यात कोणाला घ्यायचं कोणाला नाही हे मालकाला सांगायचा अधिकार घटनेनं केंद्र सरकारला दिलेला नाही. हे काही त्याच्या एकट्याच्या डोक्यातून आलेलं नव्हतं, सल्ला द्यायला फिनिक्सचा वकील विल्यम रेन्क्विस्ट होता, जो पुढे सरन्यायाधीश झाला, आणि येलचा प्राध्यापक रॉबर्ट बोर्क होता.

आता माझं मत. हा युक्तिवाद कागदावर बरा दिसतो, पण मिसिसिपीत बायकापोरं गाडीत घालून रात्रीच्या प्रवासाला निघालेल्या काळ्या माणसाला त्याचा काय उपयोग, ज्याला शंभर मैलात एकही मोटेल खोली देत नाही आणि पेट्रोल पंपावर संडाससुद्धा वापरू देत नाहीत? आपल्याकडे भाड्याचं घर बघायला गेलं की आधी आडनाव विचारतात आणि मग अचानक 'अहो, कालच दिलं बघा', हे ज्यानं ऐकलंय त्याला 'मालकाचं स्वातंत्र्य' म्हणजे काय ते वेगळं समजावून सांगायला लागत नाही. गोल्डवॉटर फिनिक्सचा श्रीमंत दुकानदार होता, त्याच्यासाठी सरकार म्हणजे कायम दुकानात डोकावणारा इन्स्पेक्टर, आणि तो तिथंच अडकला. ज्यांना सरकारशिवाय कोणी वाली नव्हता ते त्याला दिसलेच नाहीत.

आणि अगदीच भोळेपणानं घडलं असंही नाही बरं का. १९६१ ला अटलांटामध्ये तो बोलून गेला होता की काळ्यांची मतं आपल्याला काही एकगठ्ठा मिळणार नाहीत, तेव्हा बदकं जिथं आहेत तिथंच शिकारीला जावं. बदकं म्हणजे दक्षिणेतले नाराज गोरे. नोव्हेंबरात मिसिसिपीमध्ये त्याला ८७ टक्के मतं पडली, आणि तिथल्या बहुतेक काळ्या लोकांना तेव्हा मतदान करूच देत नव्हते. त्या ८७ टक्क्यांनी घटना वाचून मत दिलं असं कोणी म्हणालं तर आपण नुसतं हसायचं. तेव्हा मन साफ असेलही, मत चुकीचं होतं, आणि त्याचा फायदा कोणाला होतोय हे त्याला कळत होतं. लिही पेपरात.

प्रश्न : एवढा वाईट हरायचं कारण काय? जॉन्सन काय फार लोकप्रिय होता का? (ठाणे)

केनेडीची हत्या होऊन वर्षही झालं नव्हतं, त्याच्या जागी उपराष्ट्राध्यक्ष असलेला डेमोक्रॅट जॉन्सन आला होता, एका वर्षात तिसरा राष्ट्राध्यक्ष लोकांना नकोच होता, हे निम्मं कारण. आणि गंमत म्हणजे केनेडी आणि गोल्डवॉटर चांगले मित्र, दोघं समोरासमोर उभे राहिले तर देशभर एकत्र फिरून जाहीर वादविवाद करू असं बोलणंही झालं होतं. केनेडी गेल्यावर त्याचा लढण्यातला रसच गेला असं तो पुढे सांगायचा.

उरलेलं निम्मं स्वतःच्या तोंडानं. हा माणूस बोलायला लागला की प्रचारवाल्यांच्या पोटात गोळा यायचा. एकदा म्हणाला, अमेरिकेचा पूर्व किनारा करवतीनं कापून समुद्रात सोडून द्यावा. झालं, जॉन्सनच्या लोकांनी अमेरिकेचा लाकडी नकाशा पाण्यात ठेवला, त्याची पूर्व बाजू खरंच करवतीनं खरखर कापतायत आणि तो तुकडा तरंगत निघून जातोय अशी जाहिरात टीव्हीवर लावली. क्रेमलिनच्या पुरुषांच्या संडासात एक बाँब टाकावा हेही त्याचंच. टेनेसी खोऱ्यात सरकारी वीज प्रकल्पावर हजारोंची घरं चालतात, तर हा त्याच टेनेसीत जाऊन सांगणार की हा प्रकल्प विकला पाहिजे. तत्त्व म्हणून ठीक, पण मत मागायला गेलेला माणूस असं बोलतो का?

जुलैत सॅन फ्रान्सिस्कोच्या काऊ पॅलेसमध्ये पार्टीचं अधिवेशन झालं. न्यूयॉर्कचा गव्हर्नर रॉकफेलर, म्हणजे पार्टीतला मवाळ गट, बोलायला उभा राहिला तर गोल्डवॉटरवाल्यांनी हुर्यो करून त्याला धड बोलू दिलं नाही. पार्टी फुटलेली, सगळा देश टीव्हीवर बघतोय, अशा वेळी उमेदवारानं काय करायचं, चार गोड शब्द बोलून सगळ्यांना जवळ घ्यायचं ना? हा म्हणाला, स्वातंत्र्याच्या रक्षणासाठी अतिरेक केला तर तो दुर्गुण नाही, आणि न्यायासाठी लढताना मवाळपणा हा सद्गुण नाही. हॉल डोक्यावर घेतला लोकांनी, आणि निवडणूक त्याच संध्याकाळी हातातून गेली म्हणायला हरकत नाही.

मग ती प्रसिद्ध 'डेझी' जाहिरात, ७ सप्टेंबर १९६४. लहान मुलगी फुलाच्या पाकळ्या तोडत आकडे मोजतेय, चुकतमाकत, मग एक पुरुषी आवाज उलटे आकडे मोजायला लागतो, कॅमेरा तिच्या डोळ्यात शिरतो आणि अणुस्फोट. गोल्डवॉटरचं नाव कुठंही नाही. पैसे भरून एकदाच दाखवली, पण बातम्यांवाल्यांनी फुकटात परत परत दाखवली.

निकाल : जॉन्सन ६१ टक्के, हा ३८ च्या थोडा वर. इलेक्टोरल मतं ४८६ विरुद्ध ५२. स्वतःचं अ‍ॅरिझोना जेमतेम राखलं आणि दक्षिणेतली पाच राज्यं मिळाली, मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया, लुइझियाना, साउथ कॅरोलिना. ही पाच राज्यं बघा, कारण जॉर्जिया तर त्याआधी रिपब्लिकनांना कधीच मिळालं नव्हतं. चार वर्षांनी रिपब्लिकन उमेदवार निक्सननं तिकडेच डाव टाकला. उलट काळ्या मतदारांमध्ये १९६० ला निक्सनला सुमारे ३२ टक्के मिळाले होते ते गोल्डवॉटरच्या वेळी सहाच्या आसपास आले आणि ती मतं आजतागायत परत आली नाहीत.

आणि हो, निवडणुकीच्या आठवडाभर आधी, २७ ऑक्टोबरला, त्याच्यासाठी टीव्हीवर अर्धा तास भाषण करायला एक उतरती कळा लागलेला सिनेनट उभा राहिला. रोनाल्ड रेगन. पैसे गोल्डवॉटरच्या प्रचाराचे, फायदा रेगनचा, दोन वर्षांत कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर आणि १९८० ला राष्ट्राध्यक्ष.

प्रश्न : हिलरी क्लिंटन त्याचा प्रचार करायची हे फेकलेलं आहे ना? (व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलं, कोल्हापूर)

यावेळी व्हॉट्सअ‍ॅप बरोबर आहे. शाळकरी वय, शिकागोजवळचं पार्क रिज, वडील कट्टर रिपब्लिकन, आणि ही 'गोल्डवॉटर गर्ल'.

प्रश्न : मानसोपचारतज्ज्ञांच्या 'गोल्डवॉटर रूल'चा याच्याशी संबंध आहे का? (डॉक्टर, सोलापूर)

याच्यामुळेच तर आहे मॅडम. १९६४ ला 'फॅक्ट' नावाच्या मासिकानं १२ हजारांवर मानसोपचारतज्ज्ञांना पत्रं पाठवली की हा माणूस राष्ट्राध्यक्ष व्हायला मानसिकदृष्ट्या फिट आहे का. २,४१७ जणांनी उत्तरं दिली, ११८९ म्हणाले नाही. कोणी पॅरानॉइड म्हटलं, कोणी आणखी काय काय, आणि यातल्या कोणीही त्याला पेशंट म्हणून तपासलेलं नव्हतं. त्यानं अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि जिंकला, प्रत्यक्ष नुकसानीचा एक डॉलर आणि दंड म्हणून ७५ हजार. तो एक डॉलर मला फार बोलका वाटतो. पुढे १९७३ ला अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशननं नियमच केला की स्वतः तपासल्याशिवाय आणि परवानगीशिवाय सार्वजनिक व्यक्तीचं निदान जाहीर करायचं नाही. ट्रम्पच्या काळात हा नियम पुन्हा वादात आला ते तुम्हाला माहीतच असेल.

प्रश्न : निक्सनला राजीनामा द्यायला यानंच सांगितलं असं म्हणतात. (पुणे)

'राजीनामा द्या' हे शब्द वापरले नाहीत, आणि तेच तर बघण्यासारखं आहे. ५ ऑगस्ट १९७४ ला ती टेप बाहेर आली जिच्यात निक्सन स्वतःच वॉटरगेटचा, म्हणजे डेमोक्रॅटांच्या कचेरीतल्या घरफोडीचा, तपास थांबवायची भाषा करतोय. ७ तारखेला संध्याकाळी गोल्डवॉटर, सिनेटमधला रिपब्लिकन नेता ह्यू स्कॉट आणि खालच्या सभागृहातला जॉन रोड्स असे तिघं ओव्हल ऑफिसात गेले. निक्सनचा चीफ ऑफ स्टाफ अलेक्झांडर हेग यानं आधीच बजावलं होतं की थेट मागणी करू नका, हट्टाला पेटेल. म्हणून फक्त हिशोब सांगितला. महाभियोगातून सुटायला सिनेटमध्ये ३४ मतं हवीत, आणि गोल्डवॉटरनं सांगितलं की तुमच्याकडे वीससुद्धा नाहीत. बास. ८ ला निक्सननं टीव्हीवर जाहीर केलं, ९ ला गेला.

आता डेमोक्रॅटांनी हेच सांगितलं असतं तर निक्सननं दारातच उभं केलं असतं. स्कॉट-रोड्स पदावरचे लोक, त्यांचं येणं अपेक्षितच. पण गोल्डवॉटर म्हणजे पार्टीतला सगळ्यात कडवा, त्यानं साथ सोडली म्हणजे घरातलंच माणूस गेलं. आजच्या वॉशिंग्टनमध्ये असा निरोप घेऊन आपल्याच नेत्याकडे कोण जाईल, मला तरी नाव सुचत नाही.

प्रश्न : आपल्याकडे सीडीएस आणि थिएटर कमांडची चर्चा निघाली की गोल्डवॉटर-निकोल्स कायद्याचं नाव येतं. हा तोच का? (माजी सैनिक, सातारा)

तोच साहेब. शेवटच्या दोन वर्षांत तो सिनेटच्या संरक्षण समितीचा अध्यक्ष होता. इराणमधल्या ओलिसांना सोडवायला १९८० ला गेलेली मोहीम वाळवंटात फसली, तिथं वेगवेगळ्या दलांचा आपसात ताळमेळच नव्हता, आणि १९८३ ला ग्रेनाडा बेटावर केलेल्या चढाईतही तेच रडगाणं. मग डेमोक्रॅट सॅम नन यांना बरोबर घेऊन यानं कायदा रेटला. सिनेटमध्ये ९५ विरुद्ध शून्य, रेगनची सही १ ऑक्टोबर १९८६. तुम्हाला कळेल अशा भाषेत : हुकूम राष्ट्राध्यक्षाकडून संरक्षणमंत्र्याकडे आणि तिथून थेट त्या त्या भागातल्या संयुक्त कमांडरकडे (थिएटर कमांड म्हणजे हेच, एका भागातली तिन्ही दलं एका कमांडरखाली), मध्ये आर्मी-नेव्ही-एअरफोर्सचे प्रमुख नाहीत. ते फक्त माणसं आणि सामान तयार करून देणार. आणि वर बढती हवी तर दुसऱ्या दलांबरोबर संयुक्त पोस्टिंग केलेलं असलं पाहिजे, ही खरी मेख, कारण बढती अडली की अधिकारी आपोआप मैत्री करायला लागतात.

आपल्याकडे १ जानेवारी २०२० ला जनरल बिपिन रावत पहिले सीडीएस, म्हणजे चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ झाले, पण तेव्हा सीडीएसच्या हातात लढाईचा हुकूम द्यायचा अधिकार ठेवला नव्हता. तसा तो अमेरिकेतही संयुक्त प्रमुखाकडे नसतो, तो राष्ट्राध्यक्षाचा मुख्य लष्करी सल्लागार. तुलना करताना लोक हे विसरतात.

प्रश्न : कन्झर्वेटिव्ह म्हणतात आणि गे लोकांच्या बाजूनं बोलला म्हणतात. कायतरी एक ठरवा! (रागावलेले वाचक, डोंबिवली)

मी काय ठरवणार, त्यानंच ठरवलं होतं की सरकारनं माणसाच्या मध्ये मध्ये करू नये. ज्या काठीनं १९६४ ला काळ्यांचा कायदा हाणला तीच काठी म्हातारपणी धर्माच्या ठेकेदारांवर उगारली. बायको पेगी तर १९३० च्या दशकात अ‍ॅरिझोनात कुटुंबनियोजनाचं काम सुरू करणाऱ्यांपैकी. १९८१ ला रेगननं अ‍ॅरिझोनाच्या सँड्रा डे ओकॉनर यांना सुप्रीम कोर्टावर नेमलं तेव्हा पाद्री जेरी फॉलवेल म्हणाला की चांगल्या ख्रिश्चनांनी काळजी करावी. गोल्डवॉटरचं उत्तर, प्रत्येक चांगल्या ख्रिश्चनानं फॉलवेलच्या ढुंगणावर लाथ घालावी. संपादक हे वाक्य ठेवतील अशी आशा आहे. १९९३ ला सैन्यात गे लोकांना उघडपणे राहू द्यावं असं त्यानं वर्तमानपत्रात लिहिलं, तेव्हा वय ८४. अ‍ॅरिझोनातले काही रिपब्लिकन इतके चिडले की पार्टीच्या इमारतीवरचं त्याचं नाव काढा म्हणायला लागले.

त्यावरून हल्लीचे लिबरल लोक त्याला अगदी आपला आजोबा करून टाकतात, तेही मला पटत नाही. जोसेफ मॅकार्थी नावाचा सिनेटर ज्याला त्याला कम्युनिस्ट ठरवत सुटला होता, १९५४ ला सिनेटनं त्याचा निषेध केला तेव्हा हा मॅकार्थीच्या बाजूनं उभा होता, व्हिएतनाममध्ये अजून जोरात बाँब टाका म्हणणाऱ्यांत हा पुढे.

प्रश्न : तो हॅम रेडिओवाला होता ना? कॉल साइन काय? (व्हीयू-२ वाला एक जुना हॅम, पुणे)

के-७-यूजीए. तुमच्याच जातीचा पक्का माणूस, हौस म्हणून घरून बिनतारी संदेश पाठवणारा. व्हिएतनाम युद्धात त्याच्या फिनिक्सच्या घरातलं स्टेशन स्वयंसेवक चालवायचे, सैनिकाचा आवाज रेडिओवर इथपर्यंत यायचा आणि पुढे टेलिफोनच्या लाइनला जोडून त्याच्या घरी पोचायचा. आई स्वयंपाकघरात फोन धरून उभी आणि प्रत्येक वाक्यानंतर 'ओव्हर' म्हणायचं तिला शिकवायला लागायचं. असे हजारो कॉल जोडले. तुम्हाला हे वेगळं सांगायला नको, पण बाकीच्यांना सांगतो, तेव्हा व्हिएतनामहून घरी फोन करणं म्हणजे लॉटरी लागल्यासारखं होतं.

प्रश्न : काका, त्याला एलियन्सबद्दल सिक्रेट माहिती होती का? (इयत्ता नववी, रत्नागिरी)

माहिती नव्हती, उत्सुकता मात्र तुझ्याएवढीच होती. राइट-पॅटरसन हवाई तळावर एका खोलीत उडत्या तबकड्यांची कागदपत्रं ठेवलीत अशी अफवा होती, तर यानं हवाई दलाचा जनरल कर्टिस लमे, जो त्याचा मित्र होता, त्याला विचारलं की मला तिथं जाऊन बघता येईल का. लमे असा काही भडकला, शिव्या घातल्या आणि वर सांगितलं की तुलाच काय मलाही जाता येणार नाही, आणि परत हा विषय माझ्यासमोर काढायचा नाही. सिनेटर आणि मेजर जनरल असून ही गत, तेव्हा तू सध्या दहावीच्या तयारीला लाग. कर्टिस लमेवर वेगळा प्रश्न पाठवलास तर लिहीन, तो माणूस याच्याहून भयंकर होता.